आंदोलकाची वाढती ऊर्जा कशी थांबवली

जळगावला पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचा पायथॉन प्रोग्राम चालवताना, घर्षण शून्य धरलेले असूनही, पडद्यावरचा आलेख दर आवर्तनाला फुगत चालला होता. आवर्तकाल 1 सेकंद आणि पायरी 0.01 सेकंद होती, म्हणजे पायरी काही मोठी नव्हती. प्रोग्राममध्ये साधी ऑयलर पद्धत होती, म्हणजे काळ छोट्या पायऱ्यांनी पुढे नेण्याची रीत; तिच्यात स्थान आणि वेग दोन्ही जुन्याच किमतींवरून निघतात. कोनीय वारंवारता गुणिले पायरी याला क म्हटले, तर प्रत्येक पायरीला ऊर्जा 1 + क² पट होते, आणि 100 पायऱ्यांच्या एका आवर्तनात सुमारे 1.48 पट. पायरी लहान केल्याने ही वाढ मंदावते, थांबत मात्र नाही.

मी एकच ओळ बदलली: आधी नवा वेग काढायचा आणि स्थान त्या नव्या वेगावरून पुढे न्यायचे. आता क 2 पेक्षा कमी असेपर्यंत ऊर्जा किंचित वरखाली होते, पण वाढत जात नाही. वारंवारता तेवढी सुमारे 0.016 टक्के जास्त येते.

ही चूकही नको असेल, तर पुढील स्थान = 2 कोज्या(क) × सध्याचे स्थान − मागील स्थान, हे सूत्र अचूक आहे (कोज्या म्हणजे कोसाइन). ते दोन कोनांच्या बेरजेची ‘ज्या’ (साइन) काढण्याच्या नियमातूनच निघते, आणि तो नियम भास्कराचार्यांनी दिलेला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीच्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. मोठ्या कोनात झुलणाऱ्या लंबकाला हे सूत्र लागू पडत नाही, म्हणून तिथे मी बदललेली ऑयलर पद्धतच ठेवली आहे.