पिंगला उत्तर न देणारा संगणक

नेटवर्क व्यवस्थापनाच्या कामाला लागून मला जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेव्हा मॉनिटर आणि कीबोर्ड नसलेला एक छोटा लिनक्स सर्व्हर शोधून काढण्याचे काम माझ्याकडे आले. राउटरने त्याला कोणता आयपी पत्ता दिला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि राउटरचा पासवर्डही हाताशी नव्हता. ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही कमांड देऊन मी आधी स्वतःचा पत्ता पाहिला. तो १९२.१६८.१.२३/२४ असा होता. ‘/२४’ म्हणजे पहिले तीन आकडे साऱ्या नेटवर्कला सारखे, तेव्हा शोध शेवटचा आकडा १ ते २५४ असलेल्या पत्त्यांतच घ्यायचा होता.

मी एक लूप लिहून प्रत्येक पत्त्याला एकेक पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असे विचारणारे छोटे पॅकेट, पाठवले. प्रत्येक ठिकाणी सेकंदभर थांबायचे म्हटल्यावर त्यात चार मिनिटे गेली, आणि ज्या सात पत्त्यांनी उत्तर दिले त्यांपैकी एकावरही एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) चालेना. सर्व्हर बंद असावा, असे मी कळवूनही टाकले. ती घाई होती. पिंग आयसीएमपी या नेटवर्क-प्रोटोकॉलची विनंती पाठवते आणि फायरवॉल (पॅकेटे गाळणारी यंत्रणा) ती परस्पर टाकून देऊ शकते. त्यामुळे उत्तर आले नाही एवढ्यावरून तेथे संगणक नाही असे ठरवता येत नाही.

वरिष्ठ सहकाऱ्यांनी मला ताबडतोब ‘आयपी नेबर’, म्हणजे नेटवर्कवरच्या शेजारी यंत्रांची यादी दाखवणारी कमांड, चालवायला सांगितले. पिंगचे पॅकेट निघण्यापूर्वी आपल्या संगणकाला समोरच्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर-पत्ता) लागतो आणि त्यासाठी तो संपूर्ण नेटवर्कला एआरपीची, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ अशी, हाक देतो. या हाकेला ओ दिल्याशिवाय आयपीव्ही४ वरचा (अशा चार आकडी पत्त्यांचा) व्यवहारच सुरू होत नसल्याने पिंग अडवणारी यंत्रेही येथे सापडतात. यादीतल्या बहुतेक ओळींपुढे ‘फेल्ड’ असे होते, परंतु नऊ ओळींत मॅक पत्ते होते, आणि ४७ ने संपणाऱ्या आयपीपुढचा मॅक पत्ता सर्व्हरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलाशी शेवटच्या जोडीपर्यंत जुळला.

आता हेच काम मी एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या साधनाने, ‘सुडो एनमॅप -एसएन १९२.१६८.१.०/२४’ या कमांडने काही सेकंदांत करतो. त्यातला ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) गाळू नये, कारण तो नसेल तर एनमॅप एआरपीऐवजी ८० आणि ४४३ या वेबच्या पोर्टांवर जोडणीचा प्रयत्न करतो आणि गप्प बसणारी यंत्रे पुन्हा निसटतात. एआरपीची हाक राउटरपलीकडे जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. दुसऱ्या व्हीलॅनमधला (त्याच स्विचवरच्या पण वेगळ्या आभासी नेटवर्कमधला) संगणक या यादीत दिसणार नाही. मोबाइल फोन तर बहुधा बनावट मॅक पत्ता वापरतात, तेव्हा त्यावरून उत्पादक ओळखायला जाऊ नये. आणि परक्या नेटवर्कवर परवानगीवाचून स्कॅन चालवणे नोकरीच्या पहिल्या महिन्यात तरी टाळावे!

त्या सर्व्हरवर मी त्याच दिवशी आवाही, म्हणजे यंत्राचे नाव स्थानिक नेटवर्कवर जाहीर करणारे सॉफ्टवेअर, बसवले आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ५३५३ हा पोर्ट उघडला. तेव्हापासून यंत्राच्या नावापुढे ‘.लोकल’ लिहिले की पत्ता बदललेला असला तरी एसएसएच जोडले जाते.