कांद्याची पांढरी मुळी वाढवणारे जिवाणू कसे वापरावेत

निफाड-चांदवडकडे उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली, की जो तो पांढऱ्या मुळीच्या, म्हणजे पाणी-अन्न शोषणाऱ्या कोवळ्या मुळीच्या, मागे असतो. ती फुटवणारं ऑक्झिन हे संप्रेरक ॲझोस्पिरिलम नावाचा जिवाणू मुळाशीच तयार करतो. मुळांतून पाझरणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तो इंडोल ॲसेटिक ॲसिड बनवतो, तेच हे ऑक्झिन. त्यामुळे बाजूच्या मुळ्या आणि केसमुळं वाढतात, पाणी नि स्फुरद जास्त उचललं जातं. तो हवेतला नत्रही स्थिर करतो, पण माझ्या मते कांद्यात त्याची खरी किंमत मुळीसाठी.

हे जिवाणू खत घेताना पाकिटावरची अंतिम तारीख बघा. नियमानुसार भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलीला १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. दुकानाच्या काचेत उन्हात तापलेलं पाकीट स्वस्त मिळालं तरी नको.

लागवडीच्या दिवशी सावलीत टीप (पिंप) ठेवा. १ किलो भुकटी ४० लिटर विहिरीच्या पाण्यात कालवा. क्लोरीनचं नळाचं पाणी टाळा. रोपांच्या जुड्यांची फक्त मुळं १५-२० मिनिटं बुडवा आणि लगेच ओल्या वाफ्यात लावा. रोपं बुरशीनाशकात बुडवायची असतील तर ते आधी उरका, जिवाणू शेवटी. एकाच टिपात दोन्ही नको. ताम्रयुक्त औषध तर जिवाणूंनाच मारतं. उरलेलं द्रावण शेणखतात मिसळून वाफ्यात टाका, युरियात नाही.

आता मोह आवरायची जागा. दुप्पट भुकटी टाकली म्हणून दुप्पट मुळी येत नाही. ऑक्झिन थोडं असलं तर मुळीला चालना मिळते. फार झालं तर तिची लांबी खुंटते. म्हणून प्रमाण पाळा, आणि वर मुळी वाढवणारं दुसरं संप्रेरक ओतू नका. शेतात शेणखतच पडत नसेल तर मात्र या जिवाणूंकडून फार आशा नको. त्यांनाही खायला लागतं.

पहिल्या वर्षी रासायनिक खत एकदम कमी करू नका. दोन वाफे जिवाणूंविना ठेवा, बाकी सगळं सारखं. तीन आठवड्यांनी दोन्हीकडची पाच-सहा रोपं मातीसकट खणून काढा, पाण्यात हलकेच धुवा आणि मुळ्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. फरक दिसलाच, तरी काढणीला दोन्ही वाफ्यांचा कांदा वेगळा तोला.