छोटी नवी फोर-व्हील-ड्राइव्ह की मोठी, जुनी गाडी?

आकाराचा विचार करण्यापूर्वी गाडीत लो-रेंज गिअर (कमी वेगात चाकांना जास्त जोर देणारे गिअर) आहे का, हे पाहावे. त्याशिवाय तीव्र चढ-उतार संथपणे पार करणे अवघड जाते. 2018 मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या सुझुकी जिम्नीत लॅडर फ्रेम (बॉडीखालची शिडीसारखी मजबूत चौकट) आणि लो-रेंज असूनही तीन दरवाजांच्या गाडीचे वजन सुमारे 1,100 किलोच भरते, त्यामुळे चिखलात आणि अरुंद वाटांवर तिचा हलकेपणा खरोखर उपयोगी पडतो. नेहमी चार माणसे, भरपूर सामान किंवा ट्रेलर न्यायचा असेल, तर मात्र मोठीच गाडी घ्यावी. जुन्या गाडीची फ्रेम खालून गंजली आहे का, हे स्वतः वाकून तपासावे, कारण इंजिन दुरुस्त करता येते, पण कुजलेल्या फ्रेमची दुरुस्ती क्वचितच परवडते. पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीची फोर-व्हील यंत्रणा सैल मातीवरच चालवून पाहावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना तिच्यावर नाहक ताण येतो.