गुरुवारी वीज जाणार असेल तर
पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या विजेच्या यंत्रावर असेल, तर वीज गेली की ते बंद; म्हणून बुधवारी रात्रीच जोडीला ठेवलेल्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघा. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 2 लिटर लागत असेल तर तो सुमारे 12 तास पुरतो, 4 लिटरला जेमतेम 6. सिलिंडर जास्त वेळ टिकावा म्हणून प्रवाह कमी करू नका, दम लागला म्हणून मनाने वाढवूही नका. सीओपीडीत (फुप्फुसांच्या श्वास अडवणाऱ्या जुनाट आजारात) जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला हवा. समई, उदबत्ती, गॅसची शेगडी त्याच्यापासून लांबच. आणि नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन नको, पाण्यावर आधारित जेल लावा. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवला की वीज जाणार असल्याचा मेसेज येतो, तेवढं आजच करून टाका.