इंग्रजीतील दुःखवाचक क्रियाविशेषणे मराठीत कशी आणावीत

इंग्रजी मजकुरात ‘सॅडली’, ‘बिटरली’, ‘पेनफुली’, ‘सोअरली’ असा शब्द आला की पुष्कळ अनुवादक शब्दकोशातले विशेषण उचलतात, त्याला ‘पणे’ किंवा ‘रीत्या’ जोडतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात. ‘ती दुःखीपणे हसली’, ‘तो कडवटपणे रडला’ अशी वाक्ये त्यातूनच जन्माला येतात. नवशिक्यांना अजूनही हीच रीत शिकवली जाते, याचा मला मनापासून राग येतो. ‘खिन्नपणे’, ‘विषण्णपणे’ हे शब्द मराठीत रुळलेले आहेत आणि ते खुशाल वापरावेत. पण प्रत्येक दुःखाला ‘पणे’ची शेपटी लावता येत नाही.

पहिली पायरी म्हणजे संपूर्ण परिच्छेद वाचणे; एकट्या वाक्यावरून निर्णय घेऊ नये.

दुसरी पायरी सर्वांत अवघड आहे आणि मी स्वतः तिथे अनेक वर्षे अडखळलो. क्रियाविशेषणातले दुःख नेमके कोणाचे आहे, हे इथे ठरवायचे असते. ते क्रिया करणाऱ्याचे असेल, सांगणाऱ्याचे असेल, किंवा कोणाचेच नसून केवळ प्रमाण दाखवणारे असेल. ‘शी स्माइल्ड सॅडली’ या वाक्यात दुःख हसणारीच्या चेहऱ्यावर आहे, म्हणून ‘ती खिन्नपणे हसली’ किंवा ‘ती उदास हसली’. ‘सॅडली, शी नेव्हर रिप्लाइड’ या वाक्यात मात्र उत्तर न देणारीच्या मनात काय होते, हे आपल्याला ठाऊकच नाही. वाईट वाटते आहे ते सांगणाऱ्याला. ‘तिने दुःखाने उत्तर दिले नाही’ असे लिहिले, तर तिच्या मौनाला आपण एक खोटे कारण चिकटवतो. इथे ‘तिचे उत्तर कधीच आले नाही, ही वाईट गोष्ट’ किंवा ‘दुर्दैवाने’ हेच योग्य.

वाक्याच्या आरंभी शब्द असला आणि पुढे स्वल्पविराम असला की डोळे झाकून ‘दुर्दैवाने’ लिहावे, हा सल्ला मला मिळाला होता आणि त्यानेच माझा घात केला. एका कथेत ‘सॅडली, ही फोल्डेड द लेटर’ असे वाक्य होते. मी ‘दुर्दैवाने त्याने पत्राची घडी घातली’ असे लिहिले आणि ते तसेच छापले गेले. पत्राची घडी घालण्यात दुर्दैव कसले? त्या माणसाने जड मनाने पत्र मिटले होते, आणि कथेतला सर्वांत हळवा क्षण माझ्या हातून निरर्थक झाला. म्हणून स्वल्पविरामावर विसंबू नये. ‘ही गोष्ट घडली, हे वाईट झाले’ असे म्हणून पाहावे. ते पटले तर दुःख सांगणाऱ्याचे आहे. नंतर ‘हे करताना त्याचा चेहरा उतरला होता’ असे म्हणून पाहावे. ते पटले तर दुःख करणाऱ्याचे आहे.

दोन्ही कसोट्या लागू पडल्या नाहीत, तर शब्द बहुधा प्रमाण सांगत असतो. वेदनेचे शब्द झिजून ‘फार’ या अर्थापर्यंत येणे नवीन नाही. जर्मन भाषेतील ‘झेअर’ म्हणजे ‘फार’; तो इंग्रजी ‘सोअर’चा सख्खा भाऊ आहे आणि त्याचा मूळ अर्थ वेदनेशीच जोडलेला होता. आपणही ‘भयंकर गोड’ म्हणतोच. त्यामुळे ‘पेनफुली शाय’ म्हणजे कमालीचा बुजरा आणि ‘पेनफुली थिन’ म्हणजे हाडे दिसावीत इतका कृश. मात्र ‘पेनफुली अवेअर’मध्ये वेदना अजून जिवंत आहे, तिथे ‘ही जाणीव त्याला सतत बोचत होती’ असेच लिहावे लागते.

तिसरी पायरी आनंदाची आहे, कारण मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. इंग्रजी ज्या छटा क्रियाविशेषणाने दाखवते, त्या मराठी क्रियापदाने आणि ‘ऊन’, ‘त’ लावलेल्या रूपांनी दाखवते: हमसून हमसून, स्फुंदत, मुसमुसत, कण्हत, विव्हळत, कळवळून, धाय मोकलून. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मुसमुसणारा आवाज दाबतो, धाय मोकलणाऱ्याला कोण ऐकते याची पर्वा नसते, आणि कण्हण्यात शरीराची वेदना असते. ‘वेप्ट बिटरली’साठी रडणारा एकांतात आहे की चारचौघांत, हे पाहूनच मी शब्द निवडतो. तोच ‘बिटरली’ थंडीबरोबर आला की ‘कडाक्याची’ होतो, निराशेबरोबर ‘घोर’ आणि टीकेबरोबर ‘जहरी’.

कायद्याच्या मजकुरात स्वतःची प्रतिभा चालवू नये. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 320 मधील ‘ग्रीव्हस हर्ट’ला ‘जबर दुखापत’ ही रूढ संज्ञा आहे, म्हणून ‘ग्रीव्हसली’ जखमी केल्याचे वर्णनही तिच्याच आधाराने करावे.

शेवटी वाक्य मोठ्याने वाचावे. शोकसंदेशातील ‘ही विल बी सोअरली मिस्ड’चे ‘ते तीव्रतेने आठवले जातील’ असे भाषांतर मी वाचले आहे. ते मोठ्याने वाचले असते, तर लिहिणाऱ्याचीच जीभ अडखळली असती. त्या घरातल्या माणसांना ‘त्यांची उणीव पदोपदी जाणवेल’ हेच वाक्य आपले वाटते.