घरबसल्या आपत्तीचा नकाशा काढताय? या चुका टाळा

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. पुढच्या काही दिवसांत जगभरातल्या हजारो लोकांनी आपापल्या घरी बसून ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येणारा मोफत नकाशा) तिथली घरं, वाटा आणि हेलिकॉप्टर उतरू शकेल अशा मोकळ्या जागा रेखाटल्या. काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या तिथल्या नकाशा-संस्थेची मंडळी तिथे राहून हे काम सांभाळत होती. मदतीला धावलेल्यांत नवखे भरपूर होते, आणि नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात. मीही त्या सगळ्या करून झालोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक रस्त्याच्या टॅगची, म्हणजे नकाशात रस्त्याचा प्रकार सांगणाऱ्या शब्दाची. सॅटेलाइट इमेजमध्ये एक फिकट रेघ दिसते. नेमका कसला रस्ता ते कळत नाही, म्हणून आपण 'अनक्लासिफाइड' निवडतो. शब्दावरून वाटतं, प्रकार ठाऊक नसेल तर हेच टाकायचं. पण हा शब्द आलाय ब्रिटिश रस्ते-वर्गीकरणातून आणि त्याचा अर्थ आहे गावांना जोडणारा, गाडी जाईल असा लहान सार्वजनिक रस्ता. डोंगरातल्या पायवाटेला हा टॅग लागला, की मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर बिनदिक्कत ट्रक तिकडे पाठवतं. म्हणून आधी रुंदी मोजा. दोन चाकोऱ्या दिसतात का, वाट शेताच्या पायऱ्या चढत जाते का, मध्येच ओढ्यात गडप होते का, ते बघा. पायी जाण्याजोगीच वाटत असेल तर 'पाथ', शेतात जाणारा गाडीरस्ता असेल तर 'ट्रॅक', आणि काहीच ठरत नसेल तर 'रोड'. तो टॅग खरोखरच 'प्रकार माहीत नाही' यासाठी आहे.

पायवाट आहे म्हणून ती सोडूनही देऊ नका. नेपाळमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने दुर्गम गावांत हमाल आणि खेचरांकरवी धान्य पोचवलं. त्यांच्यासाठी तीच पायवाट म्हणजे हमरस्ता!

दुसरी अडचण इमेज सरकलेली असण्याची. फोटो तिरप्या कोनातून घेतलेला असतो आणि तो जमिनीच्या चढउतारावर बसवावा लागतो. डोंगराळ भागात ही बसवणूक चुकते आणि अख्खी वस्ती दहा-वीस मीटर बाजूला दिसते. मग नवा माणूस काय करतो? आधीच्याने नीट काढलेली घरं एकेक करून ओढतो आणि 'दुरुस्त' करतो. हे कृपया करू नका. आधी जीपीएस ट्रेसचा थर चालू करा. लोक प्रत्यक्ष फिरले त्या रेघा इमेजमधल्या रस्त्यावर बसत नसतील तर सरकवायची ती इमेज, रस्ता नाही. एका दरीत जुळवलेलं माप पलीकडच्या डोंगरावर लागू पडेलच असं नाही, तिथे पुन्हा तपासा. ट्रेसच नसतील तर ज्या प्रकल्पासाठी नकाशा काढताय त्याच्या सूचनांत कोणती इमेज वापरायला सांगितलीय ते वाचा. (सूचना कोणी वाचत नाही. मीही वाचायचो नाही.)

घरांबाबत थोडक्यात. घराचा आकार काढून झाला की कीबोर्डवर 'क्यू' दाबा, कोपरे काटकोनात येतात. इमेज तिरपी असेल तर छपराची कडा सोडून पायाची आखा. गोठा की घर हे वरून कळत नाही, तेव्हा साधं 'बिल्डिंग' पुरे.

पण पडलं की उभं आहे, हे वरून ठरवायला जाऊ नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळानंतर फिलिपाइन्समध्ये स्वयंसेवकांनी इमेज बघून घरांचं नुकसान नोंदवलं होतं. नंतर जमिनीवर जाऊन पडताळणी झाली, तेव्हा त्या नोंदी भरवशाच्या ठरल्या नाहीत. कारण साधं आहे. भिंती ढासळल्या तरी पत्र्याचं छप्पर वरून जवळपास जसंच्या तसं दिसू शकतं.

गावाचं नावही अंदाजाने किंवा गूगल मॅपवरून उतरवू नका. ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्यात ते चालत नाही. नाव तिथल्या माणसांना भरू द्या. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर ४६३६ या नंबरवर क्रेओल या तिथल्या भाषेत मदतीचे मेसेज यायचे. त्यांचं भाषांतर आणि ठिकाणांची ओळख परदेशी राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी केली, कारण गल्लीबोळ त्यांनाच ठाऊक होते.

मदतीचे मेसेज नकाशावर टाकणाऱ्यांची दुखणी वेगळी. पहिलं, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. काठमांडूचा अक्षांश २७.७ आणि रेखांश ८५.३. हे उलटे पडले की काठमांडू थेट आर्क्टिक महासागरात जातं. जिओजेसन फाइलमध्ये (नकाशाची माहिती साठवायचा एक प्रकार) रेखांश आधी लिहितात, बरेच अॅप अक्षांश आधी दाखवतात. घोळ इथेच होतो. दुसरं, अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. २७ अंश ४२ मिनिटं म्हणजे २७.७०. ते २७.४२ असं टाकलं तर ठिपका सुमारे ३१ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. अशी चूक सहज नजरेत येत नाही, कारण ठिपका नेपाळातच असतो.

आपल्याकडे पुराच्या वेळी व्हॉट्सअॅपवर फिरतं ते तर आणखी मोघम: 'वडगावात माणसं अडकलीत, बोट पाठवा.' महाराष्ट्रात वडगावं किती! तालुका, जिल्हा आणि जवळचं देऊळ किंवा शाळा विचारल्याशिवाय ठिपका ठेवूच नका. मेसेज मूळ कधीचा आहे तेही विचारा. माणसं कालच बाहेर निघालेली असतात आणि मेसेज आजही गटागटांत फिरत असतो. ठिपक्यासोबत वेळ लिहा, सुटका झाली की तो बंद करा. आणि फोन नंबर सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर नको, तो बचाव पथकाच्या यादीतच राहू द्या.