बूस्टरआधी जोड तपासा: फ्री डिशचा माझा अनुभव

रत्नागिरीजवळ आमच्या गावच्या घरी डीडी फ्री डिश आहे. पाऊस संपला तरी चित्राचे चौकोन पडायचे, आवाज तुटायचा. सह्याद्रीवरच्या बातम्या अर्धवट राहिल्या की आईचा जीव कासावीस. दुकानदार म्हणाला, "बूस्टर लावा, सिग्नल वाढवतो तो." मी आधी बॉक्सच्या मेन्यूत पाहिलं: स्ट्रेंग्थ 80 च्या वर, क्वालिटी जेमतेम 20. म्हणजे सिग्नल पोचतोय, पण गढूळ. बूस्टरने गढूळपणाही वाढला असता.

केबलमधून एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, 13 ते 18 व्होल्ट जातात, म्हणून बॉक्सचा प्लग काढूनच वर चढलो. कनेक्टर उघडला तर आतून पाणी ओघळलं. तांब्याची तार हिरवटकाळी, भोवतालची जाळी कुजलेली. खारी हवा, दुसरं काय! वीतभर केबल कापली, नवा एफ कनेक्टर बसवला, वर रबर टेप ताणून गुंडाळली. एलएनबीखाली केबलला वळसा ठेवला, पाणी तिथूनच ठिबकावं म्हणून.

मग बॉक्स पुन्हा चालू केला आणि डिशकडे वळलो. जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, आमच्याकडून आग्नेयेला. नट सैल करून केसभर सरकवायचं, थोडं थांबायचं. खालून आई क्वालिटीचे आकडे ओरडून सांगत होती. 68 म्हणाली, तिथेच नट आवळले.